नळाचं घर

मूठ नको करू, बाई. सैल सोड हात — झोपेत सोडतो ना आपण, तसा — हाव, असा. आता अंगठा आत घे. मी वरून दाबते, थोडी कळ येईल, येऊ दे, ओठ नको चावू. गेली पाहा बांगडी. नाही नाही, ती जुनी राहू दे हातात, ती इतक्यात काढायची नाही. काहून म्हणजे? नवरीचा हात रिकामा नसते ठेवत, घडीभर पण नाही, नवा चुडा पुरता चढला की मग जुनी काढायची. तुमच्या सिहोऱ्याले ठाऊक नाही का हे? तिकडं लाखेच्या घालत असतील, लखेऱ्याच्या हातच्या. घट्ट वाटते? घट्टच पाहिजे. सैल चुडा भरला तर लोक बांगडीवालीले शिव्या देतात. लग्नाचा चुडा एकदा चढला की मनगटातून उतरला नाही पाहिजे, काढायचा म्हटलं तर फोडाच लागते — अन् आजच्या दिवशी ते तोंडातून काढायचं पण नाही. काढलं मी. जाऊ दे, ही जीभच अशी आहे माही.

आपण काही जातीच्या कासारणी नाही बरं. तुमचीच जात आपली, तुह्या मामीले सांगितलं मी. माहा मालक कौलाच्या कारखान्यात भट्टीवर होता. एक दिवस दार उघडलं अन् जाळ बाहेर आला, मांडीपासून खाली कातडं राहिलं नाही पायाले. तेव्हापासून तो खाटेवर अन् ही टोपली माह्या डोक्यावर. बाजारात कमानिया गेटखाली बसते. तिथं साऱ्या हिंदी बाया — अम्मा, जपानी वाली दिखाओ, अम्मा, थोडा कम करो — दिवसभर तेच. अन् परवा तुही मामी आली, मापाची बांगडी पदरात बांधून. माह्या तोंडून मराठी ऐकली अन् अशी खुश झाली की हातच धरला माहा. म्हणे, बाई, परक्या गावात लग्न, खोली भाड्याची, आपल्या पद्धतीचा चुडा भरणारी कोणी भेटून नाही राहिली, तुम्ही चला. मी म्हटलं, नवरदेव कोणाकडचा? सांगितलं तिनं. पुंडलिक, भट्टीमिस्त्री. मी म्हटलं, येते. — नाही, मी नाही ओळखत त्याले. म्हणजे कारखान्याचे लोक कसे, तोंडओळखीचे असतात सगळे. सुपारी खाशील? बटव्यात अडकित्ता आहे, कातरून देते बारीक. नको? मी खाते मग. बोटं दे इकडं.

अन् क्वार्टर आहे म्हणे त्याले. तुह्या मामीनं नवरदेवाचं नाव नंतर सांगितलं, नळ आधी. अंगणात नळ आहे म्हणे, आपला एकट्याचा — पाहा, हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा हसली तू. मले ठाऊक होतं, नळ म्हटलं की हसशील. टाळू दिसून राहिली ना तुही, चुंबळीनं केस गेले तिथले. मामाच्या घरचं सारं पाणी तूच भरत असशील. माह्या कुंदाचे पण असेच गेले होते. कुंदा म्हणजे माही पोरगी. आमची वस्ती खालच्या अंगाले, नाल्यापाशी. विहीर एकच अन् उन्हाळ्यात तिच्यात चिखल. एकदा पाळीवरून अशी जुंपली की एकीनं दुसरीच्या डोक्यात तांब्याची कळशी हाणली, पांढरं हाड दिसलं आतलं, अन् बाकीच्या बायांनी काय केलं? तिची पाळी गेली म्हणून आपल्या घागरी पुढं केल्या. मी पण केली. तर कुंदा झोपेत बडबडे — आई, नळ उघडा राहिला, बंद कर, पाणी वाया जाऊन राहिलं. आमच्याकडं नळ कुठला बाप्पा? स्वप्नातला नळ बंद कराले लावे मले. मी अंधारात उठून बसे अन् म्हणे, केला बंद, झोप. तेव्हा कुठं झोपे.

आता? आता कुठं असते म्हणजे — इथंच. ते सोड. झाला हा हात, किती शोभून राहिला पाहा. आता ही जुनी काढते. चलो, डावा दे. डावा दे, बाई. पदराखाली काहून ठेवला? लाज कायची, मी काही नवरदेव आहे का? दे इकडं.

हे काय आहे?

नाही, काळं नाही लागलं, हळद नाही, पुसून जात नाही हे. ही बोटं आहेत. इथं अंगठा अन् इथं चार बोटं. ताजं आहे. कोणी धरला? मामानं? मामीनं? मामी शिव्या देते, पण हात नाही लावत, अच्छा. मग विहिरीवर कोणी? इथं तर विहीर पण नाही. मग कोण — तो आला होता काल? साडी द्याले आला होता. अन् मामी आत चहा ठेवाले गेली. हं. अन् तुहा हात धरला. अन् पिळला, असा, उलटा पिळला ना? अन् तू रडली तर हसला? म्हणे, गंमत केली?

हसतेच तो. पहिल्या दिवशीपण तो हसलाच होता. — हाव. हाव, ओळखते मी त्याले. बस, उठू नको, मामीले हाक मारू नको. पुऱ्यांची कढई तापली आहे तिची, ती येत नाही इतक्यात. बस म्हणते ना. ती पहिली बायको म्हणून तुमाले सांगितली असेल ना, तापानं गेली म्हणून — ताप नाही म्हणाले? मग? घसरून पडली म्हणाले? ती माही कुंदा होती.

नळ भेटला तिले. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा गेली तर तिनं मले बसू पण नाही दिलं, हात धरून अंगणात नेलं अन् नळ उघडला. म्हणे, आई, पाय धू. म्हणे, अजून धू, कितीपण धू. अन् मी पाय धुवून राहिली अन् ती हसून राहिली, तेव्हा तिच्या मनगटावर मी हेच पाहिलं, हेच, अंगठा अन् चार बोटं. मी म्हटलं, हे काय? म्हणे, गंमत करतात ते. मग भाताले मीठ कमी पडलं तर तापल्या तव्यावर बोटं टेकवली तिची. भट्टीचा माणूस, कुठं किती वेळ ठेवलं की फोड येते अन् कुठं मांस निघते, त्याले बरोबर ठाऊक. मग केस धरून नळाच्या खांबावर डोकं आपटलं. मग लाथ, पोटात, तेव्हा पोटात होतं तिच्या — ते गेलं. ती माह्याकडं येई अन् म्हणे, आई, हात भरून दे. मी भरे. निळं झाकाले हिरवं भरे, कोपरापर्यंत भरे. गेटखालच्या बाया म्हणत, अम्मा की बेटी रानी है. मी म्हणे, कुंदा, राहून जा, मालकाशेजारी तुही पण एक खाट टाकू. तर ती म्हणे, आई, नळ आहे ना तिथं. रागावली नाही, रडली नाही, फक्त म्हणे, नळ आहे ना.

भाकर थंडी होती म्हणून. एवढंच. भाकर थंडी होती म्हणून त्यानं तिचा हात उंबरठ्यावर ठेवला अन् बुटाच्या टाचेनं दाबला. बांगड्या भरलेला हात. मनगटात काच शिरली अन् शीर तुटली, अन् तो बूट पुसून कारखान्यात गेला. पाळीले उशीर नको व्हाले. शेजारची बाई धावत गेटपाशी आली, अम्मा, तुम्हारी बेटी की मोरी से लाल पानी आ रहा है. मी टोपली तिथंच टाकली, बांगड्या रस्त्यावर, टांगा गेला वरून, मले आवाज येऊन राहिला होता मागं. मी पोचली तर ती नळाखाली होती. उंबरठ्यापासून नळापर्यंत सरपटत गेली होती. तो रेघोटा होता अंगणात, जाड, झाडू मारल्यावाणी. हात धुवाले नळ उघडला असेल तिनं. हात धारेखालीच होता, पांढरा झाला होता धुवून धुवून, अन् मोरीतून पाणी गुलाबी चाललं होतं, अन् नळ सुरूच होता. मी काय केलं ठाऊक आहे? मी आधी नळ बंद केला. पोरीले उचललं नाही, तोंडाकडं पाहिलं नाही, आधी नळ बंद केला अन् म्हटलं, केला बंद, झोप.

रडू नको. तुहे डोळे कोरडे पाहिजेत मले, ऐक पुढं.

पंच बसले राममंदिराच्या ओसरीवर. पोलिसात कोणी गेलं नाही, जातीची गोष्ट जातीत मिटवू म्हणाले. तो आला अन् रडला. असा रडला, असा रडला की पंचांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. म्हणे, अंगणात शेवाळ होतं, घसरली, अन् सासूबाईनं कोपरापर्यंत काच भरून ठेवली होती तिच्या हातात, ती काच शिरली. म्हणजे मी मारली. माह्या काचेनं मारली. अन् एक पंच मान हलवून म्हणे, हाव, इतकी काच भरायची नव्हती बाईनं. माहा मालक खाटेवरून उठून आला होता, काठीवर टेकून उभा होता, तो खाली बसला. अन् मधात पानाचं तबक. त्यात अडकित्ता. हाच — घाबरू नको, पितळी आहे, मोराच्या तोंडाचा, ज्याचा होता त्यानं मग परत मागितला नाही. मी उचलला अन् उठली. पुंडलिकाच्या मागं गेली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लोकाले वाटलं, सासू आहे, समजावून राहिली. त्याले पण तसंच वाटलं, अजून मोठ्यानं रडला. मी त्याचा कान अडकित्त्यात घेतला अन् दोन्ही हातानं दाबला. सुपारीपेक्षा मऊ असते कान, पण आत कुरकुरते. एका दाबात नाही आला. दुसऱ्यांदा पीळ दिला तेव्हा आला. रक्त माह्या तोंडावर, कोमट. तो बैलावाणी ओरडला, अन् खरं सांगू, मले बरं वाटलं. कुंदा गेल्यापासून पहिल्यांदा मले श्वास आला. कान मी नालीत टाकला. मग लोकांनी मले धरलं, लाथा, काठ्या — या बाजूचे दात तेव्हाचेच गेले, म्हणून सुपारी इकडून चावते. मरेस्तोवर मारलं असतं, पण त्यानंच थांबवलं. म्हणे, सोडा, बात बाहेर नको जाऊ द्या. साहेबाच्या कानावर गेलं असतं तर चौकशी झाली असती ना, अन् क्वार्टर गेला असता.

काल साडी घेऊन आला तेव्हा फेटा होता? कानावर ओढून बांधलेला? अन् मामानं इचारलं तर म्हणाला असेल, मशीनमधी गेला. भट्टीले मशीन कुठून येते, बाई.

मी आज काही बोलणार नव्हती. खरंच सांगते. पंचांनी मले आपल्या लोकांच्या उंबरठ्यावर पाय ठेवाची बंदी केली आहे, म्हणून तर आता चुडा भराले कोणाच्या घरी जात नाही, हिंदी बायांतच बसते. मी फक्त पाहाले आली. कुंदाच्या नळावर आता कोण हात धुणार, तेवढं पाहाचं होतं. वाटलं होतं, कोणी जाडजूड, भांडकुदळ पोट्टी असेल, पाटा उचलून त्याच्याच डोक्यात घालणारी. तशी असती तर मी चुडा भरला असता, आशीर्वाद दिला असता अन् गेली असती. मनात म्हटलं असतं, जा, घे त्याले. अन् दारातून आत येते तर तू. बोरीच्या काटकीएवढे हात. मी भरताना म्हटलं मनाले, गप राहा, तुले काय, कोणाचं नशीब कोणाले, गप. अर्धा चुडा मी गपच भरला. तुह्या या डाव्या हातानं बोलतं केलं मले.

मामीले सांगायचं म्हणते? सांग ना. काय सांगशील — हात पिळला? मामी म्हणेल, नवरा मजाक करते, लाजाळू आहे पोरगी. अन् मी सांगितलं तर म्हणतील, ही तीच, कान तोडणारी, डोकं फिरलेली. तुह्या मामाले तू जड झाली आहे, शकु. वाईट माणूस नाही तो, पण जड झाली आहे तू. तो या लग्नातून मागं सरकत नाही. मागं सरकवायचं तर पुंडलिकालेच सरकवलं पाहिजे.

अन् ते होते. ऐक. चुडा भरला अन् अक्षता पडाच्या आधी फुटला, तर आपल्या लोकांत कोणता नवरदेव उभा राहते? कोणीच नाही. त्या हाताशी हात जोडला तर नवरा वर्ष काढत नाही म्हणतात. खरं का खोटं मले नाही ठाऊक, पण पुंडलिकाले ठाऊक आहे. मारते तो, पण मराले लय भिते. अवसेच्या दिवशी भट्टीपाशी जात नाही, मांजर आडवी गेली की घरी परत, गळ्यात ताईत, दंडाले ताईत — कुंदा सांगे, मारून झालं की ताईत डोळ्याले लावते. तो फुटल्या चुड्याची पोरगी घरात घेत नाही. मामा पाया पडला तरी घेत नाही.

पण तुह्या हातून फुटला तर तू अवदसा, जन्मभर. म्हणून तो तू नाही फोडायचा, मी फोडायचा. तू सांगायचं, बांगडीवाली कुंदाची आई निघाली, वेडी झाली, माहा हात धरून चुडा फोडला. मग दोष माहा. पोरगी चांगली होती, डाकिणीनं घात केला, असं बोलतील सिहोऱ्याले, अन् चार लोकाले कीव येईल तुही. माहं काय होईल? मारतील. मारू दे. इकडचे दात आहेत अजून.

अन् खोटं नाही सांगत तुले. नळ नाही भेटणार. सिहोऱ्याची विहीर भेटेल, चुंबळ भेटेल, मामीच्या शिव्या भेटतील. पुढं तुहं लग्न होईल का नाही, नवरा कसा भेटेल, मी नाही सांगू शकत. तुले नळ पाहिजे असेल तर आत्ता बोल. हा डावा हात भरून देते, निळं झाकून देते कोपरापर्यंत, माह्याइतकं चांगलं कोणी झाकत नाही. गपचूप टोपली उचलते अन् जाते. तू काही ऐकलं नाही, मी काही बोलली नाही. बोल, बाई. बोलत नाही तर मान तरी हलव.

अच्छा.

उजवा पुढं केला. भरलेला. पाहून केला ना? बरं.

हलू नको आता. माह्याकडं पाहा, हाताकडं नाही. एकेक अडकित्त्यात धरते अन् बाहेरून दाबते, तुह्या कातडीले ओरखडा नाही येऊ देणार. ही एक. ही — हात ओढू नको, सैल सोड, भरताना सोडला तसाच सोड. अजून एक. कढईचा आवाज आहे तोवर उरकलं पाहिजे. झालं. हा हात पाहा, रिकामा. हलका लागते ना? जुनी बांगडी पण परत नाही घालत आज, काही नाही ठेवत.

आता रक्त पाहिजे, बिनरक्ताचं कोणी मानत नाही. थांब, तुहं नाही. हे तुकडे माह्या मुठीत दे. सगळे. तेव्हा मी म्हटलं होतं ना, मूठ नको करू — मी करते. — काही नाही, काही नाही होत. दे मनगट. लावते तुले. इथं, अन् या साडीवर पण, त्यानंच आणलेली ना ही? मग अजून लाव.

मामीची पावलं. कढई उतरवली तिनं.

ओरड. शकु, ओरड. काहून गप आहे? मी आल्यापासून नुसती कुजबुजून राहिली तू. कुंदापण नाही ओरडली, शेजारची बाई शपथ घेऊन सांगे, अम्मा, आवाज ही नहीं आई. माह्या पोरीचा आवाज नाही आला कोणाले. मी आता तुहे केस धरते, दुखेल, तू मले ढकल, नखं मार तोंडावर, अन् ओरड, या मोहल्ल्याले, साऱ्या दीक्षितपुऱ्याले ऐकू गेलं पाहिजे —

हाव. अजून जोरात.